टाइम ऑफिसमधून एचआरमध्ये जायचंय, एमबीए करू, एमएसडब्ल्यू करू की आधी डीएलएल?

चाकण_टाइमऑफिस:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सेकंड शिफ्ट आहे म्हणून सकाळी वेळ मिळाला. माझं वय २७, बीकॉम झालंय, चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ४ वर्षं टाइम ऑफिसला आहे. काम म्हणजे पंचिंग बघणं, मस्टर, ओटीचे तास काढणं, कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांचे गेटपास, कँटीन कूपन, आणि महिनाअखेरीला सगळी हजेरी पेरोलला पाठवणं. पगार हातात १९ हजार.

एचआरमध्ये जायचं हे डोक्यात कसं आलं ते सांगतो. मागच्या दिवाळीच्या आधी आमचा एक हेल्पर, लातूरकडचा, तीन वेळा माझ्या खिडकीशी आला. बहिणीच्या लग्नाला पीएफमधून पैसे काढायचे होते पण क्लेम सारखा रिजेक्ट. कुणीच नीट बघत नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत त्याचं आधार आणि पीएफचं पान शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर आधारवर ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत डी ने सुरू होतं आणि पीएफला जी ने. बास एवढंच. मग जॉइंट डिक्लेरेशनचा फॉर्म भरला, साहेबांची सही घेतली, नाव दुरुस्त झालं आणि लग्नाच्या आठ दिवस आधी पैसे खात्यात आले. त्या दिवशी तो पेढे घेऊन आला आणि मला वाटलं की हे काम मला मनापासून करायचंय, नुसती खिडकीतून हजेरी नाही बघायची.

गेल्या महिन्यात आतमध्ये एचआर एक्झिक्युटिव्हची जागा निघाली, मी विचारलं तर साहेब म्हणाले तुझं काम चांगलंय पण क्वालिफिकेशन नाही. वाईट वाटलं, पण चूक त्यांची नाहीये. आता प्रश्न असा की नक्की कुठलं क्वालिफिकेशन? कुणी म्हणतं एमबीए, कुणी एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, कुणी डीएलएल म्हणजे कामगार कायद्यांचा डिप्लोमा, आणि फेसबुकवर रोज तीन महिन्यांत एचआर बना अशा जाहिराती येतात. घरी वडिलांची शेती आहे दीड एकर, नोकरी सोडून दोन वर्षं बसणं अवघड आहे. प्लीज अनुभवी लोकांनी सांगा.

जुना_वेल्फेअर_ऑफिसर:

बाळा, आधी तुझ्या साहेबांना मनात दोष देत नाहीयेस हे बघून बरं वाटलं. मी २६ वर्षं कारखान्यात काढली, सुरुवात वेल्फेअर ऑफिसर म्हणून, रिटायर झालो तेव्हा प्लांट एचआर बघत होतो. आता जे सांगतो ते कारखान्याच्या एचआरपुरतं आहे, आयटीचं वेगळं असतं, ते तिथली मंडळी सांगतील.

कारखान्यात एक जागा अशी आहे की जिचं क्वालिफिकेशन कंपनी ठरवत नाही, कायदा ठरवतो. ती म्हणजे वेल्फेअर ऑफिसर, कामगारांच्या सोयी आणि अडचणी बघणारा. फॅक्टरी ॲक्ट १९४८ चं कलम ४९, ५०० किंवा जास्त कामगार असतील तर वेल्फेअर ऑफिसर नेमलाच पाहिजे असं आजवर होतं, आणि तो कोण असावा याचे महाराष्ट्राचे नियम १९६६ चे. ग्रॅज्युएशन, त्यावर सरकारने त्यासाठी मान्य केलेल्या संस्थेची समाजकार्य किंवा कामगार विषयातली पदवी नाहीतर पदविका, आणि बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती यायला हवी. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड म्हणजे नवीन कामगार कायदे लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले, आणि त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या ओएसएच कोडच्या कलम २४ मध्ये हा आकडा ५०० वरून २५० वर आलाय. म्हणजे ज्या कारखान्यांना आजवर हा माणूस ठेवायची गरज नव्हती त्यांनाही आता लागणार. तुझ्यासारख्या चाकणच्या पोरासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिकडे अडीचशे ते पाचशेमधले कारखाने भरपूर.

म्हणून माझं मत, कारखान्यातच राहायचं असेल तर एमएसडब्ल्यू किंवा एमएलएसकडे (मास्टर ऑफ लेबर स्टडीज) बघ. परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र कामगार अभ्यास संस्था आहे, राज्य सरकारची, १९४७ पासूनची. ज्या लोखंड्यांमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली त्यांचंच नाव. तिथली मास्टर ऑफ लेबर स्टडीज ही मुंबई विद्यापीठाची पदवी आणि कारखान्याच्या एचआरमध्ये तिला मान आहे. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेत एमएसडब्ल्यू आहे, त्यात एचआर घेता येतं. टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), मुंबईत देवनारला एमए आहे ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट अँड लेबर रिलेशन्स, ते सगळ्यात वरचं, पण आता प्रवेश कॅटच्या मार्कांवर असतो आणि स्पर्धा भयंकर.

साधा एमबीए एचआर वेल्फेअर ऑफिसरसाठी चालेलच असं धरून चालू नको. कॉलेजवाले हो हो म्हणतील. ॲडमिशनचे पैसे भरायच्या आधी कॉलेजकडून लेखी घे की ही पदवी त्या पदासाठी मान्य आहे. तोंडी नको, लेखी.

आणि एक गोष्ट. मी कितीतरी मुलांचे इंटरव्ह्यू घेतले, चांगल्या कॉलेजची मुलं. एक साधं गणित द्यायचो. कामगाराचा शेवटचा बेसिक आणि डीए मिळून १८,२०० रुपये, नोकरी ११ वर्षं ७ महिने, ग्रॅच्युइटी काढ, म्हणजे नोकरी संपताना दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार धरून मिळणारी रक्कम. दहातली सहा मुलं १८,२०० चे निम्मे करून ११ ने गुणायची आणि १,००,१०० सांगायची. अरे, महिना ३० नाही, २६ दिवसांचा धरायचा, आणि वर सहा महिन्यांच्या पुढे गेलं की ते पूर्ण वर्ष. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, गुणिले १५ म्हणजे १०,५००, गुणिले १२ म्हणजे १,२६,०००. कागदावर एक बारीकशी चूक, पण त्या माणसाचे २५,९०० रुपये गेले की, आणि त्याला ते कधी कळणारही नाही. तू त्या ज्ञानेश्वरचं पान शेजारी शेजारी ठेवून बघितलंस ना, ही नजर कॉलेजात शिकवता येत नाही. पदवी घे, पण ही सोडू नको.

हिंजवडीची_रिक्रूटर:

काकांनी कारखान्याचं छान सांगितलं, मी आयटीचं सांगते. मी पण बीकॉमच, नगरची. आणि तू ज्या तीन महिन्यांच्या जाहिरातींबद्दल लिहिलंयस ना त्यात मी स्वतः अडकलेय म्हणून आधी तेच सांगते.

२०१८ मध्ये एका क्लासला ४५ हजार भरले, एचआर जनरलिस्ट प्रॅक्टिकल ट्रेनिंग, शंभर टक्के प्लेसमेंट. आईने आरडी मोडून दिलेले पैसे होते. तीन महिने एक्सेल, पीएफचं चलन कसं दिसतं ते स्क्रीनवर दाखवलं, एक जाडजूड सर्टिफिकेट दिलं सोनेरी शिक्क्याचं. प्लेसमेंट म्हणजे एका कॉल सेंटरचा पत्ता दिला आणि सांगितलं जा तिथे इंटरव्ह्यू आहे, गेले तर तिथे कुणाला माहीतही नव्हतं. नंतर जिथे जिथे अप्लाय केलं तिथे ते सर्टिफिकेट कुणी हातात घेऊन बघितलंसुद्धा नाही, पहिला प्रश्न एकच, पोस्ट ग्रॅज्युएशन काय? शेवटी सीईटी दिली, पुण्यात दोन वर्षं फुल टाइम एमबीए एचआर केलं आणि मग कुठे कॅम्पसमधून लागले. सगळेच क्लास खोटे असतात असं मी म्हणत नाही, पेरोलचं सॉफ्टवेअर वगैरे शिकायला उपयोग होतो, पण त्याला क्वालिफिकेशन समजून पैसे भरू नकोस रे.

आयटीत एमबीए एचआर चालतं आणि बहुतेक ठिकाणी तेच मागतात. पण आत आल्यावर काम काय हे माहीत असू दे. पहिली तीन वर्षं मी फक्त भरती केली, दिवसाला साठ सत्तर फोन, ऑफर द्यायची, समोरच्याचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, तीन महिने त्याच्याशी गोड बोलत राहायचं आणि जॉइनिंगच्या दिवशी सकाळी तो फोनच उचलत नाही. लेबर लॉ मी त्या तीन वर्षांत एकदाही उघडला नाही. तुला जे आवडतंय, म्हणजे माणसाचं अडलेलं काम सोडवणं, ते मला खूप उशिरा मिळालं, पॉश कमिटीचं, म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींचं, काम बघायला लागले तेव्हा. २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे इंटर्नल कमिटी लागतेच. त्या खोलीत समोर बसलेल्या मुलीचं सगळं ऐकून घेताना मला पहिल्यांदा वाटलं की हो, मी एचआर आहे.

एसएचआरएम सीपी, एचआरसीआय हे अमेरिकन सर्टिफिकेशन पण लोक विचारतात. चांगले आहेत, मल्टिनॅशनलमध्ये वजन पडतं, पण फी डॉलरमध्ये आणि अनुभव झाल्यावरच त्यांचा खरा उपयोग. तुला आत्ता गरज नाही.

नोकरी सोडू नको एवढं मात्र सांगते. डिस्टन्सचा विचार असेल तर इग्नूचा एमबीए आहे, एचआरएमचा पीजी डिप्लोमा आहे, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा एमबीए आहे. दुसरं कुठलंही डिस्टन्स किंवा ऑनलाइन असेल तर यूजीसीच्या डीईबीच्या, म्हणजे डिस्टन्स कोर्सना मान्यता देणाऱ्या विभागाच्या, यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्याच कोर्सचं नाव आहे का ते स्वतः साइटवर बघ. एजंटने पाठवलेला स्क्रीनशॉट धरू नको.

गोकुळशिरगाव_कन्सल्टंट:

भावा, मी कोल्हापूरचा, लेबर कन्सल्टंट आहे, फाउंड्री आणि मशीन शॉप धरून छोटे छोटे बावीस युनिट सांभाळतो. माझं थोडं वेगळं मत आहे. सगळे दोन वर्षांच्या डिगरीचं सांगायलेत पण तू आधी डीएलएल कर, म्हणजे डिप्लोमा इन लेबर लॉज अँड लेबर वेल्फेअर. एक वर्षाचा, ग्रॅज्युएशनवर मिळतो, पुण्यात आयएलएस लॉ कॉलेजला आहे, फी एमबीएच्या मानाने काहीच नाही, आणि चाकणात राहून जमण्यासारखं आहे. लेक्चरच्या वेळा विचारून घे, तुझ्या शिफ्टला जुळतील तसं साहेबांशी बोल, टाइम ऑफिसवाल्याला शिफ्ट ॲडजस्ट करून मिळते हे आपल्याला माहितीच आहे.

का म्हणतो ते ऐक. छोट्या कंपनीच्या मालकाला तुझी डिगरी नको असते, त्याला १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयचं (कामगारांचा आरोग्य विमा) चलन भरलेलं पाहिजे असतं. पीएफ १२ टक्के कापायचा, ईएसआय कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के, २१ हजाराच्या वर पगार गेला तरी चालू कॉन्ट्रिब्युशन पिरियड संपेपर्यंत कपात थांबवायची नाही, प्रोफेशन टॅक्स दोनशे पण फेब्रुवारीत तीनशे, बाईचा पगार २५ हजारापर्यंत असेल तर तिला माफ. या सगळ्याला डीएलएलच्या वर्षात पाया मिळतो. माझ्या ऑफिसात १४ तारखेच्या रात्री नऊ वाजता कुठल्यातरी युनिटचा हेल्पर नवीन लागलेला असतो आणि त्याचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबरच मिळत नसतो, मग त्याच्या जुन्या कंपनीतल्या जोडीदाराला फोन, त्याच्या बायकोला फोन, ट्रंकेत ठेवलेली जुनी पगाराची स्लिप शोधायला लावायची, तिने फोटो पाठवला की पुढचं काम. हे ज्याला येतं तो उपाशी मरत नाही.

पण खरं ते पण सांगतो. मी बीए आणि डीएलएल. एकदा माझ्याच एका मोठ्या क्लायंटने विचारलं, आमच्याकडे सहाशे कामगार आहेत, वेल्फेअर ऑफिसर म्हणून या. पगार चांगला, घरापासून चार किलोमीटर. कागद लावले आणि तिथंच अडलं, नुसत्या डीएलएलवर चालणार नाही म्हणून. मी ३४ वर्षांचा होतो, दोन लेकरं, आता कुठलं एमएसडब्ल्यू करू. ती खुर्ची मला मिळाली नाही. म्हणून काका म्हणतात ते खोटं नाही, डीएलएलवर थांबू नको, पण सुरुवात तिथून कर.

चाकण_टाइमऑफिस:

काका, ताई, दादा, तिघांचेही मनापासून आभार. ताई, ४५ हजाराचं वाचून फार वाईट वाटलं, मी पण एका ठिकाणी ५ हजार भरून सीट बुक करणार होतो, आता नाही करत.

मला एमएसडब्ल्यूबद्दल एक भीती आहे. ते फुल टाइम असतं आणि त्यात फील्डवर्क असतं म्हणे आठवड्यातून दोन दिवस, मग नोकरी कशी सांभाळायची? आणि दुसरं, माझं इंग्रजी यथातथा आहे. कायद्याची पुस्तकं सगळी इंग्रजीत. मला कारखान्यातलं बोलणं येतं, लिहिणं अडतं. कुणी असं असून पुढे गेलंय का?

लेस्टरहून:

तुझा शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मी सांगलीची, मराठी मीडियम, पुण्यात एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंटची मास्टर्स) केलं तेव्हा पहिल्या सेमिस्टरला इंडस्ट्रियल रिलेशन्सच्या पेपरला अर्धं वाक्य लिहून थांबायचे. आज यूकेमध्ये एका वेअरहाउसमध्ये एचआर ॲडव्हायझर आहे. इंग्रजी कामातून येतं रे. मी रोज एक वॉर्निंग लेटर किंवा एक अपॉइंटमेंट लेटर हाताने उतरवून काढायचे आणि मग न बघता मराठीतून कुणाला तरी समजावून सांगायचे, रूममेट कंटाळायची. सहा महिन्यांत फरक पडला. तू तुझ्या कंपनीचे स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कामाचे लेखी नियम घे, नोटीस बोर्डवर मराठीत लावलेले असतात आणि ऑफिसात इंग्रजीत असतात, दोन्ही शेजारी ठेवून वाच. कायद्याचं इंग्रजी शिकायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही कारण त्यातली प्रत्येक गोष्ट तू गेटवर रोज बघतोस.

इकडचं थोडं सांगते कारण पुढे कुणी वाचेल. इथे सीआयपीडी या एचआरच्या संस्थेचं क्वालिफिकेशन चालतं, लेव्हल ३, ५ आणि ७ असे टप्पे आहेत. नवरा नोकरीसाठी आला, मी डिपेंडंट म्हणून आले, भारतातला सहा वर्षांचा अनुभव होता पण प्रत्येक इंटरव्ह्यूत विचारायचे सीआयपीडी आहे का. लेव्हल ५ केलं, संध्याकाळी मुलीला झोपवून असाइनमेंट लिहायचे. परीक्षा नाही, असाइनमेंट असतात आणि त्यात आपल्या कामावरचं खरं उदाहरण द्यावं लागतं. मी पुण्यातल्या कँटीनच्या दरावरून झालेल्या वाटाघाटीचं उदाहरण दिलं होतं, चांगले शेरे मिळाले. काकांना आवडेल म्हणून सांगते, ही संस्था १९१३ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव वेल्फेअर वर्कर्स असोसिएशन होतं. म्हणजे इथेही हा पेशा कारखान्यातल्या वेल्फेअरमधूनच आलाय.

एक लक्षात ठेव, इकडचा कायदा तिकडे चालत नाही आणि तिकडचा इकडे. पण नाव चुकलेल्या माणसाला खिडकीतून परत पाठवायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

जुना_वेल्फेअर_ऑफिसर:

कोल्हापूरच्या भावाचं पटलं मला. मी वरच्या बाजूने सांगत होतो, त्याने खालून पायरी दाखवली. तुझ्या घरची परिस्थिती बघता तेच बरोबर. या वर्षी डीएलएल कर, नोकरी चालू ठेव, दर महिन्याला तीन चार हजार बाजूला टाक. डीएलएल झालं की आतमध्येच एचआरची जागा माग, नाही दिली तर शेजारच्या कंपनीत मिळेल, टाइम ऑफिसची चार वर्षं प्लस डीएलएल याला चाकणला किंमत आहे. मग एमएसडब्ल्यूचं बघ. फील्डवर्कचं तू म्हणतोस ते खरंय, ते बुडवून चालत नाही आणि बुडवूही नये, शिकणं तिथेच होतं. माझ्या हाताखालच्या एका पोराने दोन वर्षं कायम थर्ड शिफ्ट मागून घेऊन केलं, कॉलेजला जाऊन यायचा, चार तास झोपायचा. सोपं नव्हतं, दुसऱ्या वर्षी तब्येत बिघडली होती त्याची, म्हणून तसंच कर असं सांगणार नाही. पैसे साठले तर दोन वर्षं पूर्ण वेळ कर. ३१ व्या वर्षी एमएसडब्ल्यू होऊन बाहेर पडलास तरी पुढे २५ वर्षांपेक्षा जास्त नोकरी आहे.

आणि नवीन कोड आत्ताच वाचायला घे. जुनी माणसं सगळी जुन्या कायद्यावर वाढलेली आहेत, माझ्यासकट. तू आणि तुझा मॅनेजर आज जवळपास एकाच रेषेवर उभे आहात, अशी संधी फार वर्षांनी येते. फिक्स्ड टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामगाराला, आता एक वर्षावर ग्रॅच्युइटी, अपॉइंटमेंट लेटर प्रत्येकाला, आणि वेजेसची, म्हणजे ज्यावर ग्रॅच्युइटी निघते त्या पगाराची, व्याख्या बदलली. वेजेसमधून वगळलेले एचआरए, कन्व्हेयन्ससारखे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेजेसमध्ये धरायची.

त्यावरच एक गणित देतो. एकूण पगार ३१,२००. बेसिक डीए ११,०००, बाकी २०,२०० एचआरए आणि कन्व्हेयन्स. नोकरी ९ वर्षं ४ महिने, कामगार या महिन्यात रिटायर होतोय. ग्रॅच्युइटी किती?

चाकण_टाइमऑफिस:

काका, काल थर्ड शिफ्टच्या ब्रेकमध्ये सोडवलं, उत्तर लिहितो, चुकलं तर सांगा.

३१,२०० चे निम्मे १५,६००. भत्ते २०,२०० म्हणजे ४,६०० जास्त. ते बेसिक डीएमध्ये मिळवले की वेजेस १५,६००. चार महिने सहाच्या आत म्हणून ९ वर्षंच. १५,६०० भागिले २६ म्हणजे ६००, गुणिले १५ म्हणजे ९,०००, गुणिले ९ म्हणजे ८१,०००. नुसत्या ११,००० वर काढलं असतं तर ५७ हजाराच्या आसपास आलं असतं.

आणि ताई, आजच स्टँडिंग ऑर्डर्सची इंग्रजी कॉपी मागितली. साहेबांनी विचारलं कशाला, मी सांगितलं डीएलएल करतोय. ते म्हणाले फॉर्म कधी निघतात बघ, शिफ्टचं मी बघतो.

जुना_वेल्फेअर_ऑफिसर:

८१,००० बरोबर. आता तुमच्याकडे पुढच्या सहा महिन्यांत कोण कोण रिटायर होतंय त्यांची यादी काढ, आणि प्रत्येकाचं नॉमिनेशन भरलेलं आहे का, त्यात कुणाचं नाव आहे, ते बघून घे. त्यात काही अडलं तर इथेच लिही.